बोळ्याची खबर

थोरलीने पिंजऱ्यातल्या कापडी पिशवीला तळवा लावला आणि तिचा हात जागीच थबकला. पिशवी गार होती. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती एवढं करायची. पिशवीला बाहेरून हात लावला की आतून झोपमोड झाल्याची किरकिर ऐकू यायची, मग "बरं बाबा, झोप" म्हणून ती चपला घालायची. आज किरकिर नाही, हालचाल नाही. तिने पिशवी हुकावरून काढून ओट्यावर उलटी केली, तर सुकलेलं लिंबू घरंगळावं तसा बोळ्या बाहेर पडला. शेपटी पोटाशी गुंडाळलेली, पंजे मिटलेले, डोळे अर्धवट उघडे.

"बोळ्या," तिने हाक मारली. "ए बोळ्या, अरे ऊठ की."

तिने स्टीलचा चमचा पुसून त्याच्या नाकाशी धरला. चमच्यावर वाफ धरली नाही. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकी वीतभर उघडी होती. त्या प्राण्याच्या उग्र वासाने काल संध्याकाळी तिचं डोकं उठलं होतं, म्हणून तिनेच ती उघडली होती आणि लावायची विसरून झोपली होती. बाहेर थंडी मी म्हणत होती.

बोळ्या तिचा नव्हताच मुळी. तो तिच्या धाकट्या बहिणीचा. शुगर ग्लायडर म्हणतात त्या जातीचा, मुठीएवढा राखाडी जीव. पाठीवर काळा पट्टा, चेहऱ्याच्या मानाने डोळे भलतेच मोठे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत दोन्ही अंगांना कातडीची घडी. उडी मारली की ती घडी पतंगासारखी पसरायची आणि स्वारी तरंगत जायची. झोपला की मात्र चिंधीचा बोळा, म्हणून नाव बोळ्या. धाकटी त्याच्यावर दुकानात भाळली होती. "नर आहे, एकटा मजेत राहतो," असं दुकानदाराने तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. तिने त्याला घरी आणलं, त्याचे लाड सुरू केले, आणि तेवढ्यात नोकरीने तिला ट्रेनिंगसाठी दुसऱ्या शहरात धाडलं. तिथल्या वसतिगृहात जनावर चालत नव्हतं.

"मी दात बनवते गं," थोरली तेव्हा म्हणाली होती. "दात काही खात नाहीत, पीत नाहीत. मला जिवंत काही सांभाळता येत नाही."

"अगं ताई, तू मला नाही का सांभाळलंस?" धाकटी म्हणाली, आणि थोरलीने पिंजरा ठेवून घेतला.

पहिल्याच संध्याकाळी बोळ्याने पडद्याच्या दांडीवरून थेट तिच्या तोंडावर झेप घेतली, आणि हातातल्या आमटीच्या वाडग्यासकट ती मटकन खाली बसली. मग तो अंधारात कुत्र्याच्या पिल्लासारखा भुंकायला लागला. एवढासा जीव भुंकतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती घरभर कुत्रं शोधत फिरली. हळूहळू तिला सवय झाली. धाकटीने जाताना बजावलं होतं की उकडलेलं अंडं, भाज्या, कॅल्शियमची पावडर हे सगळं कालवून द्यायचं आणि फळ अगदी चवीपुरतं. पण बोळ्या अंडं बाजूला सारायचा आणि फळाच्या फोडी मटकवायचा. थोरलीला त्याची दया यायची. खाऊ दे बिचाऱ्याला आवडतंय ते, म्हणून ती फळं आणि मधच देत राहिली. अलीकडे तर तेही तो अर्धवट टाकायचा. तिला वाटलं, पोट भरलं असेल.

आता ओट्यावर तो पडला होता आणि धाकटीला सांगायचं होतं.

वाईट बातमी हातात आली की ती आधी घासून-पुसून गुळगुळीत करायची, मग पुढे करायची, असा थोरलीचा स्वभाव. आज मात्र सारवासारव करायला काही सुचेना. तिने फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

"बोळ्या गेला गं. माझ्या हातून खिडकी उघडी राहिली."



"नक्की?" धाकटीने विचारलं.

"गार पडलाय. कडक झालाय."

धाकटी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "निदान लगेच सांगितलंस." आणि तिने फोन ठेवला.

थोरली ज्या इमारतीत राहायची तिथे मूठभर मातीसुद्धा नव्हती, सगळीकडे फरशा. ती काम करायची त्या कवळ्यांच्या लॅबच्या मागच्या अंगणात मात्र एक झाड होतं. तिने बोळ्याला आपल्या लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळलं, दातांचे संच येतात त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि खोकं स्वेटरच्या आत छातीशी धरून ती बसमध्ये चढली. शेजारच्या बाईने चौकशी केली, "खाऊ वाटतं?" थोरलीने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

लॅब म्हणजे एक लांबोडकी खोली. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर प्लास्टरचे पांढरेफटक जबडे ओळीने मांडलेले. कोपऱ्यात साचे वाळवायचं कपाट. ते दिवसभर कोमट असायचं. खोकं कुठे ठेवावं हे न सुचून तिने ते त्या कपाटावर ठेवलं आणि कामाला बसली. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचं तिचं काम. एरवी डोळे मिटून केलं असतं, पण आज सुळा दाढेच्या जागी गेला.

पलीकडे पॉलिशवाले काका चाक फिरवत होते. लॅबमध्ये तेच सगळ्यात जुने. त्यांनी चाक थांबवलं. "काय झालं? चेहरा का असा?"

"घरातलं जनावर गेलं, काका. मागे झाडाखाली ठेवीन म्हणते जेवणाच्या सुट्टीत."

"ते उडणारं?" काकांनी गॉगल कपाळावर चढवला. "अरेरे. तू कशाला खणतेस? मी देतो खणून. माझ्याकडे खुरपं आहे."

सुट्टी झाली तेव्हा काकांनी खरंच खुरपं आणलं. एका हातात खुरपं, दुसऱ्या हाताने त्यांनी कपाटावरचं खोकं उचललं आणि ते जागच्या जागी थिजले.

"अगं," ते म्हणाले, "हे हलतंय."

"काका, असली थट्टा नको."

"मी थट्टा करीन का गं? हलतंय म्हणतो ना!"

तेवढ्यात खोक्यातून असा आवाज निघाला की लॅबमधल्या प्रत्येकाच्या अंगावर काटा आला. यंत्रात दगड अडकावा तशी कर्कश, लांबलचक किर्रर्र. काकांच्या हातातलं खोकं निसटलं. खुरपं त्यांच्याच बुटावर पडलं. एक मुलगी किंचाळत स्टुलावर चढली. आणि मफलरच्या घड्यांतून बोळ्या बाहेर आला, धडपडत काकांच्या एप्रनवर चढला, तिथून टेबलावर गेला, आणि प्लास्टरच्या जबड्यांच्या ओळीत दोन दंतपंक्तींच्या मध्ये बसून थरथर कापायला लागला.

 थोरलीने खुर्चीची पाठ धरली, खुर्ची फिरती होती, ती सरकली आणि थोरली फरशीवर बसली. बसल्या बसल्याच तिने हात पुढे केले. बोळ्या तिच्या बाहीत शिरला.

"मेला होता," ती म्हणत राहिली. "काका, मेला होता हो. मी चमचा धरून पाहिलं."

"चमचा राहू दे," काका आपला बूट चोळत म्हणाले. "डॉक्टर गाठ आधी."

प्राण्यांचा दवाखाना दोन चौक सोडून होता. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलायला फटकळ. त्यांनी बोळ्याला कोमट टॉवेलमध्ये घेतलं, ड्रॉपरने काहीतरी पाजलं आणि मग थोरलीला फैलावर घेतलं. उपाशी जीव, त्यात थंडी. अशा वेळी हे प्राणी स्वतःला जवळजवळ बंद करून घेतात, श्वाससुद्धा जाणवत नाही. ऊब मिळाली म्हणून जागा झाला.

"आणि नसती मिळाली तर? काय करणार होतात?"

"आत्ता पुरणार होते," थोरली म्हणाली. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्यांचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला.  तिने पटकन भिंतीला हात टेकला.

 डॉक्टरीणबाईंनी बोळ्याला अलगद उताणं केलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा तो आहे, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दुकानदाराने."

"दुकानदाराला चष्मा लावायला सांगा. ही मादी आहे. आणि हे बघा इकडे."

पोटावर मधोमध बारीकशी चीर होती, पाकिटाच्या तोंडासारखी. तिथली कातडी फुगली होती, आणि थोरली बघत असतानाच त्या फुगवट्याखालून काहीतरी सरकलं. चिरेतून दोऱ्याएवढी गुलाबी शेपटी बाहेर आली आणि पुन्हा आत गेली.

"अगं बाई!" थोरली एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेर बसलेला कुत्रा भुंकायला लागला.

"पिल्लू आहे. दुकानातल्याच एखाद्या नराचं. तुमच्याकडे आली तेव्हा पोटात असेल, आता पोटावरच्या या पिशवीत आहे, कांगारूचं असतं तसं. आईचीच ही अवस्था, तेव्हा पिल्लाचं मी काही सांगू शकत नाही. जगेल किंवा जगणार नाही. आणि फळं बंद. अंडं, भाज्या, पावडर. नाही खाल्लं तरी तेच द्यायचं, खाईल."

बाहेर पायरीवर येऊन थोरलीने फोन लावला.

"जिवंत आहे!" ती जवळजवळ किंचाळली. "बोळ्या जिवंत आहे! गार पडला होता नुसता, लॅबमध्ये उठून बसला! आणि अगं, तो नर नाहीच, मादी आहे, पोटाच्या पिशवीत पिल्लू आहे तिच्या!"

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना?"

"कुठल्या दुकानातून आणलास?" धाकटीने विचारलं.

"काय?"

"ताई, मी लहान नाही आता. सकाळी मेला, दुपारी उठला, वर नराची मादी झाली आणि तिला पिल्लू? निदान आणताना नर तरी बघून आणायचास." तिचा आवाज थकलेला होता. "कशाला एवढा आटापिटा केलास? मी रडून मोकळी झाले होते."

फोन बंद झाला. थोरली पायरीवर तशीच बसून राहिली. तिने फोटो काढून पाठवला. "शेपटी पण वेगळी दिसते," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर तिने पुन्हा पुन्हा फोन केला, तो कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात धाकटी उभी. खांद्याला पिशवी, डोळे प्रवासाने तांबारलेले. थोरली तिच्याकडे बघतच राहिली. न कळवता येणारी ही पोर नव्हे.

"दाखव," धाकटी म्हणाली.

तिने पिंजऱ्याशी जाऊन बोट पुढे केलं. बोळ्या मागच्या पायांवर उभी राहिली, तोंड वासलं, आणि कालचीच ती किर्रर्र खोलीभर घुमली. धाकटीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. थोरलीने पिंजऱ्याचं दार उघडताच बोळ्या तिच्या मनगटावरून बाहीत आणि बाहीतून गळ्याशी जाऊन बसली.

"बघ. मला ओळखतसुद्धा नाही."

"तुला जाऊन किती दिवस झाले! विसरली असेल. शिवाय पिल्लू आहे, जरा घाबरलेली आहे. मी कशाला खोटं बोलेन गं तुझ्याशी?"

"कारण तू बोलतेस," धाकटी म्हणाली. "नेहमी बोलतेस."

थोरलीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आई आजारी होती तेव्हा माझ्या परीक्षा चालू होत्या. रोज फोन करायचे मी. तू सांगायचीस, आज दोन घास जास्त खाल्ले, आज हसली, आज माझी आठवण काढत होती. मी निवांत अभ्यास करायचे. शेवटचा पेपर देऊन आले तर आईला बोलता येत नव्हतं." धाकटीचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो थोरलीला ऐकवेना. "तेव्हापासून तू काही चांगलं सांगितलंस ना ताई, की माझ्या पोटात धस्स होतं. तुझी तब्येत बरी आहे म्हणालीस की मला झोप लागत नाही. काल सकाळी तू सरळ सांगितलंस, मेला म्हणून. मी रडले, पण मनात कुठेतरी हलकं वाटलं. म्हटलं, चला, ताईने मला एकदाचं मोठं मानलं. आणि दुपारी परत तेच."

थोरली उभी होती ती पलंगाच्या कडेवर बसली. एवढी वर्षं तिने आपल्या हाताने बहिणीच्या वाटेतले खडे वेचले होते, अशी तिची समजूत होती. आणि ही पोर एवढी वर्षं तिच्या प्रत्येक गोड शब्दाला भीत आली होती. कालपासून बसलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. तिला काहीतरी बोलायचं होतं. मला वाटलं तू पेपर नीट देशील, असं काहीतरी. ते ओठांपर्यंत आलं आणि तिचं तिलाच इतकं तोकडं वाटलं की तिने गिळून टाकलं.

"चल," ती शेवटी म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. डॉक्टरीणबाईंना विचार."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकटीचं सगळं ऐकून घेतलं आणि बोळ्याचं डोकं बोटाने तिच्याकडे वळवलं. "वयात आलेल्या नराच्या टाळूवर टक्कल असतं, केसांशिवायचा डाग. हिला आहे? नाही. तुमच्याकडे दुकानातून आणल्या दिवशीचा फोटो असेल ना? काढा. आणि ही उजव्या कानाची चीर पण बघा. जुनी आहे, भरून आलेली."

धाकटीने फोन काढला. पहिल्या दिवसाचे ढीगभर फोटो. तिने एक मोठा करून पाहिला, मग दुसरा. टाळूवर दाट केस. उजव्या कानाला, अगदी टोकाशी, नखाने काढल्यासारखी खाच. एवढे फोटो काढले, पण ती खाच तिने कधी पाहिलीच नव्हती. तिने फोटो पाहिला, बोळ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. 

"ताई," ती हळूच म्हणाली, "अगं, तोच आहे."

"तीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे काल खरंच... तू खरंच हिला पुरणार होतीस?"

"काकांनी खुरपं आणलं होतं," थोरली म्हणाली.

धाकटीच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते तिथल्या कोणालाच कळलं नाही.

दोघी परत निघाल्या. रस्ता खणून ठेवला होता, फळ्यांवरून चालावं लागत होतं. लाँड्रीच्या दारातून इस्त्रीची वाफ रस्त्यावर येत होती. बोळ्या पिशवीसकट थोरलीच्या स्वेटरच्या आत होती. लाँड्रीपाशी धाकटी थांबली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"आई खरंच माझी आठवण काढायची?"

थोरलीच्या जिभेवर हो आलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने ते आपोआप आलं होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिने स्वेटरवरून आतल्या पिशवीला हात लावला. पिशवी उबदार होती.

"नाही," ती म्हणाली. "सुरुवातीला काढायची. शेवटी शेवटी तिला कोणाचीच ओळख नव्हती. माझीही नाही. मला 'अहो बाई' म्हणायची. अहो बाई, पाणी द्या. अहो बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.  वाफेचा एक लोट दोघींच्या मधून गेला.

"हे तू एकटीने ऐकलंस?" तिने विचारलं. "रोज? आणि मग मला फोन करून सांगायचीस, हसली म्हणून?"

"हसायची अधूनमधून. ते खोटं नव्हतं. मला परकी समजून हसायची."

धाकटीने तिथेच, भर रस्त्यात, तिच्या दंडाला मिठी मारली. स्वेटरमधून निषेधाची किरकिर ऐकू आली, तेव्हा कुठे ती सैल झाली.

धाकटी दोन रात्री राहून परत गेली. बोळ्या थोरलीकडेच राहिली, कारण वसतिगृहाचे नियम काही बदलले नव्हते. अंडं पाहून ती आधी तोंड फिरवायची, थोरलीही हट्टाला पेटून वाटी हलवायची नाही. शेवटी भुकेने बोळ्याला हरवलं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा आणि थोरली जसं असेल तसं सांगायची. आज कमी खाल्लं. आज वजन उतरलंय, डॉक्टरीणबाईंचा चेहरा बरा नव्हता. आज फुगवटा हलला नाही, मला भीती वाटतेय. मला भीती वाटतेय, हे वाक्य पहिल्यांदा बोलली तेव्हा तिलाच कसंतरी झालं. धाकटी म्हणाली, "मलाही." मग दोघी काही न बोलता फोन धरून बसल्या.

थंडी ओसरली त्या सुमारास एका संध्याकाळी थोरली कामावरून आली आणि तिने पिशवीत डोकावून पाहिलं. बोळ्याच्या पोटाला काहीतरी चिकटलं होतं. तिने दिवा जवळ आणला आणि तिच्या हातातून किल्ल्या खाली पडल्या.

"बाहेर आलं," ती फोनवर म्हणाली. "पिल्लू बाहेर आलं. जिवंत आहे."

धाकटीने क्षणाचाही विलंब न लावता विचारलं, "कसं दिसतं?"

थोरलीने पुन्हा पिशवीत पाहिलं. डोळे मिटलेले, अंगावर केस नावाला, कान डोक्याला चिकटलेले, बाजूच्या कातडीच्या सुरकुत्या ढिल्या कपड्यासारख्या लोंबणाऱ्या.

"भयंकर कुरूप आहे गं," ती म्हणाली. "इतकं कुरूप मी आयुष्यात काही पाहिलं नाही."

आणि पलीकडे धाकटी इतक्या जोरात हसली की पिशवीतून बोळ्या भुंकली.